पाटीवरची टक्कर

लालासाहेबांच्या घरात ताक वाढायचीसुद्धा रीत होती. आधी लालासाहेबांच्या पेल्यात, मग पाहुणा असेल तर त्याच्या, मग सासूबाईंच्या, म्हणजे रंगूबाईंच्या, आणि तळाला जे उरेल त्यात पाणी घालून सुनेच्या. यात कुणी कुणावर अन्याय करतंय असं कुणालाच वाटत नव्हतं, सुनेलाही नाही. क्रांती स्वतःच वाढायची आणि आपल्याच हाताने आपला पेला शेवटी ठेवायची. हे ताक आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचं विरजण इथेच लागलं होतं.

क्रांती कराडला शिकून इंजिनिअर झालेली. लग्न झालं ते जयराजशी. तो सैन्यात हवालदार आणि त्याचे वडील लालासाहेब सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यामुळे लग्नानंतरचा सगळा संसार सुट्टीतला. सुट्टी आली की नवरा, सुट्टी संपली की नुसतं सासर. असं चाललेलं असताना यंदा जयराजला जालंधरच्या छावणीत फॅमिली क्वार्टर मिळालं. त्याने फोटो पाठवला: दोन खोल्या, एक ओटा आणि ओट्यावर चहाचं एकुलतं एक पातेलं. खाली लिहिलं होतं, ‘एवढंच आहे. बाकीचं तू आण.’ क्रांतीने तो फोटो इतक्यांदा उघडला की भिंतीचे पोपडेही तिला पाठ झाले. तिथली नेमणूक संपली की जयराज पुन्हा सरहद्दीवर जाणार आणि तिकडे बायको नेता येत नाही. म्हणजे नवरा-बायको म्हणून जे काही राहायचं ते याच दोन खोल्यांत आणि आताच. त्यातून कुटुंब आलं नाही तर क्वार्टर रांगेतल्या पुढच्या माणसाला जाणार होतं.

तिला जायचं होतं. अगदी पोटातून जायचं होतं.

आडवा आला तो मामा. मानसिंगमामा म्हणजे रंगूबाईंचा पाठचा भाऊ, जयराजचा सख्खा मामा. कराडात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर त्याची कंपनी होती. तिथे ‘पाटी’ नावाचं सॉफ्टवेअर बनायचं. कॉलेजची पोरं संगणकाचे प्रोग्रॅम शिकतात ना, ते लिहायची, चालवून बघायची आणि चुका दुरुस्त करायची जागा म्हणजे पाटी. लग्नानंतर क्रांतीला नोकरी दिली ती मामानेच. पहिल्या दिवशी ‘आपल्या घरातली सून आहे’ म्हणून सगळ्या ऑफिसात पेढे वाटले. परक्याची नोकरी माणूस सोडू शकतो. मामाची नोकरी सोडायची म्हणजे सासूच्या माहेराला लाथ मारल्यासारखं. तो पेढा क्रांतीच्या घशात तेव्हापासून अडकलेला होता.

मामा एका रविवारी मटणाला आला, तेव्हा तिने धीर करून विषय काढला.

“जा की! नको कोण म्हणतंय?” मामा नळी चोखत म्हणाला. “फक्त ती लाईव्ह पाटी तेवढी करून दे. एकाच पाटीवर चार जणांनी एका वेळी लिहायचं. एक कराडात, एक सांगलीत, एक आणि कुठं. याचं अक्षर त्याला तिथल्या तिथं दिसलं पाहिजे. हे झालं की तू जालंधरला बस न्हाईतर लंडनला बस, काम सुरूच! काय भावजी?”

“मानसिंगराव बोलले म्हंजे बोलले,” लालासाहेब म्हणाले आणि रश्श्याची वाटी पुढे केली.

झालं. क्रांती कामाला लागली ती कंबर कसून. जेवताना, एसटीत, भाकरी थापताना डोक्यात एकच: दोघांनी एकाच ठिकाणी, एकाच क्षणी अक्षर टाकलं तर काय करायचं? सोबतीला रेश्मा होती, माण तालुक्यातल्या दहिवडीकडची, तोंडाची फटकळ आणि हाताची जलद. दोघी शेजारच्या दोन संगणकांवर बसायच्या आणि एकाच ओळीत टायपायच्या. पहिल्यांदा क्रांतीने ‘साखर’ लिहिलं, रेश्माने ‘मीठ’, आणि पाटीवर उमटलं ‘सामीखठर’. दोघी पोट धरून हसल्या. मग क्रांतीने पंधरवडाभर डोकं खपवून ती खिचडी मोडून काढली. ज्याचा शब्द त्याचा अखंड राहील, कुणाचंच अक्षर गळणार नाही, एवढं तिने पक्कं केलं.

राहिला प्रश्न मागे-पुढेचा. साखर आधी की मीठ आधी? यंत्राला त्याचं सुखदुःख नसतं. नियम कुठलाही चालतो, फक्त सगळ्यांच्या पाटीवर तोच पाहिजे, नाहीतर याला एक दिसायचं आणि त्याला दुसरं. क्रांतीने क्षणभरही विचार न करता लिहून टाकलं: जो पाटीवर जुना, त्याचा शब्द आधी. आणि सगळ्यांत जुनं खातं अर्थातच मामाचं.

“हे काय गं?” रेश्माने पडद्याकडे बघून विचारलं. “जुन्याचं आधी का?”

“कुणीतरी आधी लागतंच की.”

“आमच्याकडं टँकर आला की ज्याची घागर आधी लागली त्याला पाणी आधी. मग म्हातारा असू दे न्हाईतर पोरगं. वय कोण बघत बसतंय?”

क्रांतीला ते पटलं, पण बदलायचं राहून गेलं. तिने खालच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा मात्र बसवला. कुठल्याही पाटीवर दोन माणसं एकाच जागी एकदम लिहायला गेली की तो एकाने वाढायचा. त्याला तिने नाव दिलं ‘टक्कर’. दोन यंत्रांकडून एकाच जागी आपोआप लिहवून घेतलं तेव्हा तो भराभर पळाला आणि एकही अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. मग शून्यावर आणून माणसं बसवली. आणि गंमत बघा, तो हलेचना. ऑफिसातली जी ती व्यक्ती दुसऱ्याचा कर्सर, म्हणजे ती उभी लुकलुकणारी रेघ, आपल्या ओळीवर आली की हात उचलायची आणि म्हणायची, “लिहा, तुम्ही लिहा आधी.” हा नुसता शिष्टाचार आहे, टक्कर कसली होतेय, असं म्हणून दोघींनी तेही हसण्यावारी नेलं.

सांगलीकडच्या एका कॉलेजात पाटी दाखवायचा दिवस आला. वर्गभर पोरं, प्रत्येकाची ओळ वेगळी आणि कर्सर वेगळ्या रंगाचा, पाटीवर नुसता रंगपंचमीचा गोंधळ. क्रांतीला भरून आलं. तेवढ्यात विभागप्रमुख आपल्या संगणकावर बसले आणि पाटीवर त्यांचा कर्सर आला, वर नाव: ‘सर’. साऱ्या वर्गाचे हात एकदम कळफलकावरून उठले. सगळे रंग जागच्या जागी लुकलुकायला लागले. सर वाट बघत होते पोरांची, पोरं वाट बघत होती सरांची. बराच वेळ झाला तरी एक अक्षर उमटलं नाही. क्रांतीला वाटलं, बुडालं सगळं. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती टक्कर आपल्या लोकांत होतच नाही, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही!

पण सर उठले ते हसत. “वा! ही शिस्त आम्हाला वर्गात उभं राहूनही लावता येत नाही,” ते मामाला म्हणाले. “मी नुसता आत आलो तर चिडीचूप!” कॉलेजने पाटी तिथल्या तिथे घेतली, आणि हे ऐकून आणखी दोन कॉलेजांनी घेतली. परतताना मामाने तासगावला गाडी थांबवून सगळ्यांना द्राक्षांच्या पेट्या घेऊन दिल्या.

“मामा, आता मी जाऊ ना?” क्रांतीने गाडीतच विचारलं.

“आता?” मामाला खरोखरच नवल वाटलं. “आत्ता तर काम सुरू झालं. आणि बाई, आता कुठनंबी काम करता येतंय ना? मग घरनंच कर की! कुठनंबी म्हंजे इथनंबी.”

तिचंच काम तिच्यावर उलटलं होतं. सोमवारपासून तिचं ऑफिसात येणंही बंद झालं. ‘एसटीची दगदग कशाला’, म्हणून मामाने संगणक घरी पोचवला. ती दगदग हीच तिची दिवसातली मोकळी हवा होती, हे मामाला कोण सांगणार! स्टँडवरचा चहा गेला, रेश्माच्या डब्यातली चटणी गेली, खिडकीतून दिसणारी कोयना गेली. आता माडीवरची खोली, खाली सासू-सासरे आणि समोर पाटी. आणि पाटीवर मामाचा लाल कर्सर. मामा लिहीत काही नसे. सकाळी यायचा आणि क्रांती ज्या ओळीवर असेल तिच्या खालच्या ओळीवर जाऊन बसायचा. ती वर गेली की तोही वर. ती खाली की तोही खाली. ऑफिसात निदान माणसाची पाठ फिरायची. इथे कर्सरला पाठच नाही. तो बाजूला आला की तिची बोटं आपोआप कळफलकावरून उठायची. मग फोन यायचा, “का गं, थांबलीस का? लिही की, मी नुसता बघतोय.”

रात्री ती जयराजला फोन करायची. तो म्हणायचा, “मी आबांशी बोलतो.” आबा म्हणजे लालासाहेब. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, “आबा बाहेर गेले होते.” तिसऱ्या दिवशी, “तूच विचारून बघ की, तुझं ऐकतील.” शत्रूसमोर छाती काढून उभा राहणारा माणूस, पण बापासमोर त्याची मांजर व्हायची. क्रांतीला त्याची दया यायची आणि रागही यायचा. त्यातला राग हल्ली जास्त येत होता.

दार आणखी एकदा बंद झालं ते मामाच्याच कल्पनेने. त्याने लालासाहेबांना एक टॅब आणून दिला आणि घराची म्हणून एक वेगळी पाटी काढली. लालासाहेब, जयराज, क्रांती आणि अर्थात तो स्वतः. “फोनवरचं हवेत जातं, भावजी. हितं लिवलं की लिवलं.” सुभेदाराला आणखी काय पाहिजे! लेखी हुकूम त्यांना जेवणाहून प्यारा. रोज सकाळी चष्मा पुसून ते एका बोटाने लिहायचे, ‘पाऊस नाही. म्हैस व्याली.’ तिकडून जयराजचा हिरवा कर्सर लिहायचा, ‘बरं आबा.’ रंगूबाई शेजारी बसून वाचून घ्यायच्या.

“आता काय ऱ्हायलं?” लालासाहेब एकदा समाधानाने म्हणाले. “रोज गाठभेट हुतीया. आमी इतकी वर्सं नोकरी केली, हिला कवा नेली का?”

रंगूबाई त्या वेळी पत्र्याच्या ट्रंकेतून हरभरे काढत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. मागाहून क्रांतीला मात्र हळूच म्हणाल्या, “ही ट्रंक सिकंदराबादला न्यायला घेतली व्हती. मग सासूबाय आजारी पडल्या.” आणि झाकण लावून टाकलं.

त्यानंतर आला तो रविवार. लालासाहेबांचा चहा झालेला, क्रांती माडीवर संगणकापुढे. घरच्या पाटीवर जयराजचा हिरवा कर्सर आला आणि त्याने लिहिलं, ‘आबा, क्वार्टरचं या आठवड्यात कळवायचं आहे. नाहीतर दुसऱ्याला देतील. क्रांतीला पाठवता का?’

शेवटी विचारलं एकदाचं! पाटीवर लालासाहेबांचा कर्सर होता, मामाचा लाल कर्सर होता, तिचा स्वतःचा होता. कुणीच हलेना. मग लालासाहेबांचं एक बोट चालायला लागलं. अक्षर अक्षर करत उमटलं, ‘पुढच्या वर्षी बघू.’

पुढच्या वर्षी जयराज सरहद्दीवर बर्फात असणार, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

हिरवा कर्सर खालच्या ओळीवर आला. ‘आबा, पण पुढच्या वर्षी’ इतकं लिहिलं. थांबला. मग एकेक अक्षर मागे सरत पुसलं गेलं. पुन्हा ‘पण’ आला. तोही गेला. खाली चष्मा सावरणाऱ्या लालासाहेबांना यातलं काहीच दिसलं नसणार. क्रांतीला सगळं दिसलं. दुसऱ्याचं अक्षर तिथल्या तिथे दिसलं पाहिजे म्हणून तिनेच तर जिवाचं रान केलं होतं. नवऱ्याच्या मनात आलेलं आणि त्याने गिळलेलं, दोन्ही तिच्यापुढे उघडं पडत होतं. शेवटी ओळीवर एवढंच उरलं: ‘आबा, बरं.’

क्रांतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसून ती जयराजच्या ओळीखाली आपला कर्सर घेऊन गेली. आता तिची पाळी होती, ताकाच्या पेल्यासारखी सगळ्यांत शेवटची. आणि तिथे, अगदी त्याच जागी, लाल कर्सर येऊन बसला. तिची बोटं उठली.

उठलेल्या बोटांनी ती तशीच बसून राहिली. नजर गेली खालच्या कोपऱ्यात. टक्कर: शून्य. इतके महिने झाले, इतकी कॉलेजं झाली, आणि शून्य! जुन्याचा शब्द आधी हा तिचा नियम एकदाही, एकाही माणसावर चाललेला नव्हता. चालायची वेळच आली नव्हती. लहान माणसांनी त्याच्या आधीच हात उचलले होते. तिला एकदम संताप आला. मामाचा आला, आबांचा आला, जयराजचा आला आणि सगळ्यांत जास्त आपल्या या दहा बोटांचा आला. कुणी धरली होती ती? कुणीसुद्धा नाही!

तिने बोटं खाली टेकवली आणि लिहायला लागली. त्याच क्षणी लाल कर्सरही चालायला लागला. नेट हळू होतं, तिला त्याचं दिसत नव्हतं, त्याला तिचं दिसत नव्हतं. मग पाटीने दोघांचं एकत्र आणून समोर ठेवलं. जुन्याचं आधी, नव्याचं मागून, कुणाचंही अक्षर न गाळता: ‘सगळ्यांचं इथंच बरं चाललंय. मी जाणार आहे.’

कोपऱ्यात शून्याचा एक झाला.

खालून लालासाहेबांचा वाचण्याचा आवाज आला, “सगळ्यांचं हितंच बरं चाललंय… मी जाणार हाय… आँ? मानसिंगराव कुठं निघाले?”

“पुढलं कुणी लिवलंय ते बघा की,” रंगूबाई म्हणाल्या.

“क्रांतीनं.” मग, “हे पुसायचं कसं असतंय?”

“आवं, ऱ्हाऊ द्या,” रंगूबाईंचा आवाज आला. “पुसू नगा. मी सांगतीया, पुसू नगा.”

क्रांतीचा फोन वाजायला लागला. पडद्यावर ‘मामा’. ती बघत राहिली आणि तो वाजत राहिला. लाल कर्सर तिच्या वाक्याच्या शेवटी येऊन उभा होता. त्याने ठरवलं असतं तर एका बोटाने तिचं सगळं वाक्य मागे ओढत नेलं असतं. आबा खालून ओरडले असते, तिला उतरून पाया पडून माफी मागावी लागली असती, आणि जालंधरच्या त्या ओट्यावर दुसऱ्या कुणाची तरी भांडी लागली असती. पण या वेळी तिने हात उचलले नाहीत, कळफलकावरच ठेवले.

तेवढ्यात वरच्या ओळीत काहीतरी हललं. हिरवा कर्सर. तो ‘आबा, बरं.’च्या शेवटी आला. पूर्णविराम गेला. ‘बरं’वरचा अनुस्वार गेला. मग र गेला, ब गेला. ‘आबा,’ एवढंच उरलं आणि त्याच्यापुढे ती हिरवी रेघ लुकलुकत राहिली.

फोन वाजायचा थांबला. खाली रंगूबाईंनी ट्रंक ओढल्याचा आवाज आला आणि हरभरे पोत्यात ओतल्याचा.

मग हिरव्या रेघेमागून ‘प’ आला. मग ‘ण’. क्रांती वाट बघत राहिली, पण तो पुसला गेला नाही.